पेठेला विचारून

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. राग आहे तो आहेच, तो या पत्रात घालत नाही. पत्ता तुझ्या बायकोकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिला फोन करून करून पिडलं. तुलाच फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस आणि मग माझा सगळा दिवस गिऱ्हाइकांवर ओरडण्यात जातो. आधीच गिऱ्हाइकं कमी, त्यात ओरडून पळवणं परवडत नाही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. धंदा बरा चाललाय, काळजी करण्यासारखं काही नाही. तू करणारही नाहीस म्हणा.

कामाचं लिहिते. पेठेत एक बुटांची कंपनी येऊ बघतेय. आपल्या दुकानासमोर बँक होती ना, ती जागा, शेजारचं झेरॉक्सचं दुकान आणि कोपऱ्यावरचं कापडवाल्याचं, अशा तिन्ही जागांच्या मधल्या भिंती पाडून एकच मोठं दुकान करायचं म्हणतायत. तिन्हींची शटरं कधीची खाली आहेत. तू गेलास तेव्हा तिथे दुपारी पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून तुला हे खरं वाटणार नाही.

बँक गेली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. त्या कॅशियरच्या तोंडावरची माशीसुद्धा उडायची नाही म्हणून. मग कळलं की बँकेत आलेला माणूसच झेरॉक्स काढायचा, तोच फोटोवाल्याकडे फोटो काढायचा आणि रांगेत उभं राहून पाय दुखले की माझ्याकडे येऊन चपला बघायचा. झेरॉक्सवाल्याने गाशा गुंडाळला, पाठोपाठ कापडवाल्याने. गावाबाहेरचा मॉल हे सगळ्यांना सांगायला बरं निमित्त झालं. आता उरलोय कोण? चष्मेवाले काका, मेडिकलवाली, तिच्या डोक्यावर दातांचा डॉक्टर, शिंपी, फोटोवाला, बेकरी आणि मी. डॉक्टरही मॉलमध्ये जागा बघून आलाय असं ऐकते. तो गेला तर मेडिकलवालीचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

तर कंपनी पेठेला विचारतेय. रीत तू विसरला नसशीलच, तिच्यावर थुंकून तर गेलास. नवं दुकान टाकायचं असेल त्याने स्वतः, पायी, पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दुकानात जाऊन विचारायचं. ज्याच्या पोटावर पाय येणार असेल त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं. एकानेही नको म्हटलं की विषय संपला, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. म्हणूनच इथे कधी दोन चष्मेवाले झाले नाहीत, दोन शिंपी झाले नाहीत. तू असा विचारत फिरलास तेव्हा सगळे हो म्हणाले होते. मी नको म्हटलं. त्याबद्दल मला तेव्हाही काही वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही. एकाच घरातली बुटांची दोन दुकानं समोरासमोर, एक ताईचं, एक भावाचं; वर्षभरात दोन्ही बुडाली असती.

आता परत सगळे हो म्हणणार आणि परत माझ्याकडे बघणार. तू शहरात याच धंद्यात आहेस म्हणून विचारते. अशी कंपनी खरंच गर्दी आणते का? की वर्षभर झगमगाट करून निघून जाते आणि मागे मेलेली पेठ सोडते? खरं ते सांग. बाकी माझ्याशी बोलू नकोस हवं तर, एवढंच लिही.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक. मी काही वाट बघत बसले नव्हते. फक्त टपालवाला आला की उठत होते.

काल चष्मेवाले काका आले. तुला आठवतं, ते दुकान सोडून कधी कुणाकडे जात नाहीत. चष्मा दुरुस्त होऊन तयार असला तरी माणूसच त्यांच्याकडे गेला पाहिजे. ते स्वतः आले, आमच्या मोजायच्या स्टुलावर बसले आणि बसल्या बसल्या माझी शेल्फं बघत राहिले. मी वरच्या फळ्यांवर रिकामे खोके लावलेत, भरलेलं दिसावं म्हणून. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. त्यांना कळलं.

"पोरी," ते म्हणाले, "मी काही सांगायला आलो नाही."

"मग चहा घ्या."

"चहा नको. तू नको म्हणालीस तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन. रीत माझ्या बापाने घातली, ती मी मोडणार नाही. एवढंच सांगायला आलो."

"म्हणजे सांगायला आलातच की."

ते हसले नाहीत. एरवी हसले असते. उठताना गुडघ्यावर हात टेकवला आणि म्हणाले, "परवा दिवसभरात एक गिऱ्हाईक आलं. ते पण पत्ता विचारायला." मग गेले. मी तिथेच उभी राहिले. ज्या माणसाला तुमच्या बाजूने उभं राहायचंय तोच तुमच्याकडून काहीतरी मागतोय, आणि मागत नाही, हे फार वाईट. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी तोंडाला तोंड देऊन मोकळी झाले असते.

बाकीचे तसे नाहीत. शिंपी माझ्या दारावरून जाताना मोबाइल कानाला लावतो. मोबाइल बंद असतो, मला दिसतं. बेकरीवाला रोज पावाची पिशवी पाठवायचा, ती परवापासून येत नाही. विचारलं तर म्हणे पोऱ्या रजेवर आहे. फोटोवाल्याने तर समोरच विचारलं, "ताई, तुमचं काय ठरलं?" कारण विचारायचं नाही ही रीत आहे, काय ठरलं हे विचारायचं नाही अशी नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, अजून कुणी विचारायलाच आलेलं नाही, ठरवू कशाला?

खरंच कुणी आलेलं नाही. कंपनीचा एक माणूस येऊन मोजमापं घेऊन जातो, पण तो विचारायला आलेला नाही. मालक स्वतः येणार म्हणे. येऊ दे.

मेडिकलवाली मात्र काही म्हणत नाही. ती माझी मैत्रीण, रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी आम्ही दोघी पायरीवर बसतो, तशा आताही बसतो. पण आता गप्पा रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल असतात. आम्ही दोघी इतकी वर्षं कधी कुत्र्यांबद्दल बोललो नव्हतो.

तू उत्तर पाठव. दोन ओळी. एवढं काय त्यात.

ताई


२२ फेब्रुवारी

तू.

मायना लिहिला होता, तो खोडला. तरीही लिहिणार.

आज दुपारी कंपनीचा माणूस माझ्या दुकानात आला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, तोंडात गोड हसू, आणि पायात असे तंग बूट की चालताना बोटं आवळलेली दिसत होती. मला ते बघवेना. म्हटलं, बसा, बूट काढा. समोर कोणत्या कंपनीचा माणूस आहे ते मी विसरले. पाय दिसला की मी सगळंच विसरते, तुला माहीत आहे.

त्याने उजवा पाय पुढे केला. मी म्हटलं, डावा. आणि उभे राहा, बसून मोजत नाहीत. तर तो हसायला लागला. "अहो, हे तर अगदी आमच्या भागीदारसाहेबांसारखं! ते पण आम्हाला हेच शिकवतात. डावा आधी, उभं करून. म्हणतात, बसलेला पाय खोटं बोलतो."

बसलेला पाय खोटं बोलतो. हे वाक्य अण्णांचं आहे. अण्णांनी ते कुठे वाचलं नव्हतं आणि कुणाकडून उचललंही नव्हतं. ते त्यांच्या लेकरांना, आपल्या दोघांनाच माहीत होतं.

मी फितीवर बोट धरून बसले होते. मोजलेलं काही लक्षात राहिलं नाही. मी विचारलं, "तुमच्या साहेबांच्या भुवईवर वण आहे का?"

"हो हो! लहानपणी शटरचा दणका बसला म्हणतात. ओळखता का?"

"नाही," मी म्हटलं. "असे वण बऱ्याच जणांना असतात."

ज्या शटरने तुझी भुवई फुटली त्याच शटरखाली मी रोज वाकून आत जाते. तुला घेऊन दवाखान्यात पळत मी गेले होते, अण्णा गिऱ्हाइकात होते.

म्हणजे ते तीन दुकानांचं एक दुकान तुझं. माझ्या दारासमोर. आणि मी शहाणी, तुलाच पत्र लिहून विचारते की कंपनी टिकते का रे! धंदा बरा आहे असं लिहायच्या आधी मीच गिऱ्हाइकं कमी असल्याचं कळवते! रिकाम्या खोक्यांचंसुद्धा लिहिलं मी. तू ती पत्रं वाचलीस. वाचून घडी घालून ठेवलीस असशील आणि त्याच हाताने नकाशावर बोट ठेवून म्हणाला असशील, इथे. समोरचं दुकान म्हातारं झालंय, फार त्रास देणार नाही.

असं म्हणाला नसशील तर मला लिहून कळव. पण तू काही कळवत नाहीसच.

चष्मेवाल्या काकांना मी सांगितलेलं नाही. मेडिकलवालीलाही नाही. लाज वाटली. तुझी वाटली की माझी, ते कळत नाही.

एक लक्षात ठेव. हाताखालचा माणूस पाठवून चालणार नाही. ज्याला दुकान हवं त्याने स्वतः यायचं. तू ये. दारात उभा राहा आणि विचार.


३ मार्च

धाकट्या,

मागचं पत्र रागात लिहिलं. मागे घेत नाही, पण त्यानंतर इथे काय झालं ते कळवते.

परवा संध्याकाळी मेडिकलवाली पायरीवर बसली आणि कुत्र्यांबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "मी या महिन्याअखेरीला बंद करतेय."

मी म्हटलं, "माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कशाला? तू अजून काही बोललीस तरी का?" मग ती बराच वेळ आपली चप्पल पायातल्या पायात फिरवत बसली. "डॉक्टरने मॉलमधली जागा पक्की केली. त्याच्या चिठ्ठ्यांवर माझं दुकान चालायचं. आणि खरं सांगू का, माणसं औषधासाठी पेठेत येत नाहीत ग. पेठेत आलेलीच असतात म्हणून औषध घेऊन जातात. आता येतायत कुठे?"

"कंपनी आली तर?"

"तर डॉक्टर थांबेल म्हणतो. पण ते तू माझ्या तोंडून ऐकायला नको होतं. मी काही म्हणाले नाही असं समज."

मला तिचा इतका राग आला की मी उठून आत गेले आणि नुसते खोके इकडचे तिकडे केले. तिचा राग नव्हता तो. ती शेवटपर्यंत गप्प बसली याचा होता, आणि बोलली याचाही.

काल दुपारी मी दुकानाला कुलूप लावलं आणि पेठेतून चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. विचारत फिरणारा माणूस चालतो तशी. अण्णांच्या नंतर मी ही पेठ कधी पूर्ण चालून बघितलीच नव्हती. घर ते दुकान, दुकान ते घर. बंद शटरांच्या आत उंदीर धावतात ते रस्त्यावर ऐकू येतं. फोटोवाल्याच्या काचेत अजून त्याच नवरा-नवरीचा फोटो आहे, तो इतका फिका झालाय की नवरीचं तोंड दिसत नाही. शिंप्याच्या दुकानात लग्नाचा एक कोट टांगलाय, वर्ष झालं, न्यायला कुणी आलं नाही. बेकरीत भट्टी एकदाच पेटवतात. पोऱ्या रजेवर नाही, त्याला काढूनच टाकलंय. दुकानात बसून मला वाटायचं की ही सगळी माणसं माझ्यावर डोळा ठेवून आहेत. चालल्यावर दिसलं की ते रस्त्याकडे बघत बसलेत. माझं दुकान फक्त त्यांच्या नजरेच्या वाटेत येतं.

दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा पाय दुखत होते. दुसऱ्यांचे पाय मोजण्यात आयुष्य गेलं आणि माझ्याच चपलेचा अंगठा उसवलाय, हे मला तिथे कळलं. हस. हसायला हरकत नाही.

तर आता ऐक. शनिवारी कंपनीने जागेच्या मालकाला शब्द द्यायचाय असं तुझा माणूस सांगत होता. म्हणजे तू शनिवारी सकाळी येशील. चष्मेवाल्यांपासून सुरू कर, ते मोठे आहेत. शिंप्याकडे बस थोडा वेळ, त्याला बरं वाटेल. माझ्याकडे शेवटी यायचं.

उत्तर काय देईन ते मी लिहिणार नाही. ते पत्रात द्यायचं नसतं, दारात द्यायचं असतं. तेव्हाच्या 'नको'चं मला काही वाटत नाही हे परत एकदा सांगते. तेव्हा पेठेला तुझी गरज नव्हती. एवढ्यावरून काय ओळखायचं ते ओळख. नाहीतर ओळखू नकोस. पण ये.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

तू आलास ते मी पाहिलं. निळा शर्ट, आणि केस मागे गेलेत, अण्णांचे गेले होते तसेच. जाड झालास. पाय मात्र अजून तसेच आत वळवून टाकतोस, तुझ्या बुटांची बाहेरची कड झिजत असणार.

मी सकाळपासून तयार होते. दुकान झाडलं. वरच्या फळ्यांवरचे रिकामे खोके काढून टाकले; म्हटलं, येणारच आहे तो, दिसू दे त्याला आहे तसं. स्टूल पुसून दाराशी ठेवलं. शेजारी पाण्याचा तांब्या, तुला चालून आल्यावर तहान लागते म्हणून. दोन गिऱ्हाइकं आली त्यांना थांबवलं, म्हटलं, जरा नंतर या, कुणीतरी येणार आहे. गिऱ्हाईक परत पाठवायचं हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

तू चष्मेवाल्यांकडे गेलास. मग शिंप्याकडे. बेकरीत तुम्ही काहीतरी हसलात, रस्त्यावर ऐकू आलं. फोटोवाल्याने तुझ्या खांद्यावर हात टाकला. मेडिकलवालीच्या दुकानातून बाहेर आलास तेव्हा मी उठून उभी राहिले. पदर नीट केला. काय म्हणायचं ते शब्द मी चार दिवस पाठ केले होते.

तू रस्ता ओलांडलास आणि बँकेच्या जागेत गेलास. आत दिवे लागले. तुमच्या माणसाने शटर वर केलं. बस.

मला वाटलं, चुकून. आधी जागा बघून येईल. मी उभीच राहिले. मग तू बाहेर आलास, गाडीत बसलास, गाडी वळवताना आपल्या दुकानाच्या पाटीकडे बघितलंस. माझ्याकडे नाही. काच वर होती, मला दिसलं नसेल असं तुला वाटलं असेल.

संध्याकाळी मेडिकलवाली पायरीवर आली. बसली नाही. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं नाही ना?"

"काय?"

शुक्रवारी दुपारी चष्मेवाल्यांच्या दुकानात सगळे जमले होते. मला सोडून. तिथे ठरलं की यापुढे पेठेत विचारत फिरायची रीत बंद. कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याला परवडेल त्याने यावं. हात वर करून ठरलं. शनिवारी तू दुकानोदुकानी गेलास ते विचारायला नव्हे, नुसता भेटायला. चष्मेवाल्या काकांनी हात वर केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. तिनेही केला. "तुझ्यावर पाळी येऊ नये म्हणून ग," ती म्हणाली. "तू नको म्हणाली असतीस आणि मग आम्ही तुझ्याशी बोललोच नसतो. ते आम्हाला नको होतं. समोरून सख्खा भाऊ विचारायला आल्यावर तू काय करणार होतीस?"

म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं तो तूच आहेस. तूच त्यांना सांगितलंस म्हणाली, आणि माझ्या तेव्हाच्या 'नको'ची आठवणही करून दिलीस. तुझा दोष नाही, मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. धंद्याची बाजू बघितली असती.

तिला मी म्हटलं, बरं केलंत. दुकान तुझं आता राहील ना? ती म्हणाली, हो, डॉक्टर थांबतोय. मग ती रडायला लागली आणि मीच तिला पाणी दिलं, तुझ्यासाठी ठेवलेल्या तांब्यातलं.

तर आता तुला एकट्याला सांगते, पेठेत कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तू दारात आला असतास तर मी हो म्हणणार होते. चार दिवस तेच पाठ करत होते. आधी म्हणणार होते, "बैस, डावा पाय पुढे कर," आणि मग हो. नुसतं हो तोंडातून निघालं नसतं, म्हणून ती तयारी. माझं दुकान बुडणार हे मला दिसत होतं, तरी म्हणणार होते. त्यांना वाटतं त्यांनी मला वाचवलं. तुला वाटतं तू मला चुकवलंस. मला त्या दिवशी पेठेला एकदाच काहीतरी देता आलं असतं, आणि तुलाही, ते तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्याकडून घेतलंच नाही.

मी तुला हे दुखवायला लिहीत नाही. खोटं. दुखवायलाच लिहितेय. थोडं दुखू दे.

उद्घाटनाला अजून वेळ आहे, तरी आमंत्रण मिळालं, तुझ्या त्या तंग बुटांच्या माणसाच्या हातून. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय म्हणाला, साहेबांनी मुद्दाम सांगितलंय. त्याला सांग, त्याचे बूट मी मोठ्या मापाचे काढून ठेवलेत, घेऊन जा. खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसव. मला त्या दिवशी दुकान उघडं ठेवायचंय.

ताई